चुरीबाईंचा सतरावा पत्ता

आगाशीत सुनंदा चुरी कोण, असं विचारलंत तर चार माणसं डोकं खाजवतील. ड्रॉइंगच्या बाई कुठे राहतात, असं विचारा. रिक्षावाला थेट वाडीच्या फाटकाशी आणून सोडेल आणि उतरताना ऐकवेल की आठवीत बाईंनी त्याला तासभर बाकावर उभं केलं होतं. हे तो अभिमानाने सांगतो. बाईंनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या आहेत, आणि उरलेल्या अर्ध्या पाट्यांकडे बाई बघतही नाहीत.

बाईंचा राग एकाच गोष्टीवर, रंगपेटीतल्या पांढऱ्या ट्यूबवर. जून महिन्यात पहिल्याच तासाला त्या वर्गभर फिरून सगळ्यांच्या पेट्यांतल्या पांढऱ्या ट्यूब गोळा करायच्या आणि टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावायच्या. "वॉटर कलरमध्ये पांढरा रंग नसतो. पांढरा म्हणजे कागद. ढग हवाय? मग ढगाची जागा आधी सोडा. पुढे काय पांढरं लागणार आहे ते आत्ताच ठरवा, आणि तिथे हात लावू नका." एप्रिलमध्ये ट्यूब परत मिळायच्या, वाळून खडा झालेल्या. पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रारी केल्या, पण मुख्याध्यापकही बाईंना घाबरून असत.

बाईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची छाती गावात एकाच माणसाची झाली होती, आणि त्याला जे उत्तर मिळालं ते त्याने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. निवृत्त होऊन त्यांना आता सहा वर्षं झाली. कौलारू घरात त्या आणि थोरला भाऊ एकनाथ, अशी दोनच माणसं. एकनाथची बायको वारली, मुलगा पुण्यात स्थायिक झाला. भाऊ वाडी बघतो, केळी, नारळ आणि थोडी फुलझाडं. बहीण जेवणं उरकली की पडवीत पाट मांडून चित्रं काढते. दोघांचं फारसं बोलणं होत नाही. भाजीत मीठ किती, यावरून होतं, आणि मांजर कुणी लाडावून ठेवलं, यावरून होतं.

गेल्या वर्षी गणपती उरकले आणि त्याच आठवड्यात कृतिका आली. कृतिका बाईंची जुनी विद्यार्थिनी. आधी एका जाहिरात कंपनीत नोकरीला होती; आता विरार पश्चिमेला सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवर लोकांना टॅरोचे, म्हणजे भविष्याचे, पत्ते वाचून दाखवते. कुणाचं लग्न अडलेलं असतं, कुणाचं प्रमोशन. बाईंना हा उद्योग माहीत होता आणि तो त्यांना मुळीच पसंत नव्हता.

"बाई, ओरडू नका. आधी बघा," असं म्हणून कृतिकाने पडवीत चटईवर पत्त्यांचा कॅट मांडला. एकूण अठ्ठ्याहत्तर पत्ते, आणि एकूणएक चित्र जलरंगातलं. कुणा परदेशी चित्रकर्तीने केलेलं.

बाई ओरडायच्या तयारीतच होत्या. पण वरच्या पत्त्यावर बर्फाचं मैदान होतं आणि त्या बर्फाला चित्रकर्तीने कुंचला लावलेलाच नव्हता. सगळं मैदान म्हणजे कोरा कागद. कडेला निळ्या सावलीची एक पुसट रेघ, बस्स. बाईंनी चष्मा पुसला, पत्ता हातात घेतला आणि म्हणाल्या, "हिला कुणीतरी नीट शिकवलंय."

मग चहा राहिला बाजूला. पत्त्यामागून पत्ता त्या उचलत गेल्या. एका पत्त्यावर एक माणूस एका पायाने झाडाला उलटा टांगलेला होता. कृतिका सांगायला लागली, "हा हँग्ड मॅन..." बाईंनी तिला हातानेच थांबवलं. "चेहरा बघ त्याचा. कुठे तरी त्रास दिसतोय? याला कुणी टांगलेलं नाही. हा आपण होऊन लटकलाय. उलटं होऊन बघू तरी काय दिसतं, म्हणून." सोबतच्या पुस्तकात त्या पत्त्याचा अर्थ दीड पान भरून दिला होता, आणि कृतिकाने तो महिनाभर पाठ केला होता.

त्या दिवशी कृतिकाने मनातलं बोलून दाखवलं. "बाई, मी लोकांना लांडगे दाखवते, पाइनची झाडं दाखवते. विरारला लांडगा कुणी पाहिलाय? मला आपला कॅट हवाय. इथला. दिवाळीपर्यंत नाही झाला तर पुढच्या दिवाळीपर्यंत, पण तुमच्या हातचा."

"भविष्य मी मानत नाही," बाई म्हणाल्या.

"मानू नका ना. काढा."

एवढ्यावर त्यांचं ठरलं. बाईंनी हात राखून कधी काही केलेलं नाही, तसं हेही केलं नाही. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने शेरे मारत त्यांनी ते तीनदा वाचून काढलं. त्या पत्त्यांत चार कुळं असतात: पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. पेले म्हणजे मन, तलवारी म्हणजे बुद्धी, काठ्या म्हणजे उमेद आणि नाणी म्हणजे घरदार, कष्ट, माती. बाईंनी पेल्यांच्या जागी रहाटाची गाडगी घेतली आणि तलवारींच्या जागी कोयते. काठ्यांच्या जागी केळीच्या घडाला लावतात ते टेकू आले. नाण्यांवर मात्र त्या अडल्या. दोन दिवसांनी अंगणात धपकन नारळ पडला आणि तोही प्रश्न सुटला.

तलवारींच्या दहाव्या पत्त्यात मूळ चित्रात एका माणसाच्या पाठीत दहा तलवारी रुतलेल्या असतात. बाईंना ते ओंगळ वाटलं. त्यांनी कुडाच्या भिंतीवर ओळीने टांगलेले दहा कोयते काढले, आणि समोर झाडून स्वच्छ केलेलं रिकामं अंगण. माणूस कुठेच नाही. ते चित्र बघणारा त्या अंगणात आधी माणूस शोधतो, मी स्वतः पाहिलंय म्हणून सांगतो. एकनाथला ते दाखवलं तर तो म्हणाला, "दहा कोयते कुणाकडे असतात? माझ्याकडे चार आहेत."

कुळांबाहेर आणखी बावीस पत्ते असतात, प्रत्येकाला आपलं नाव आणि आकडा. त्यातला मूर्खाचा पत्ता त्यांनी अर्नाळ्याला नेला. किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत एक बाई पाऊल टाकतेय, छत्री बगलेत, नजर आभाळात, आणि होडीची फळी पायाखाली आहे की नाही याचा तिला पत्ताच नाही. मागे वाळूवर कुत्रा भुंकतोय. नशिबाच्या चक्राऐवजी त्यांनी रहाट काढला. भरलेली गाडगी वर येतात, रिकामी खाली जातात, आणि जी रिकामी खाली गेली तीच पुन्हा भरून वर येतात. माळेला गाडगी किती असायची, हे त्यांनी एकनाथला विचारलं. वाडीतला रहाट बंद पडून पन्नास वर्षं झाली असतील. पण एकनाथने हातातलं काम टाकून अंगणात काठीने सगळा रहाट आखून दाखवला. सम्राटाच्या पत्त्यावर एकनाथच बसला, बनियन घालून, दगडी कट्ट्यावर. बनियनवरून तो चार दिवस बहिणीशी बोलला नाही.

तेरावा पत्ता मृत्यूचा. मूळ कॅटमध्ये तिथे घोड्यावर बसलेला सांगाडा होता. "आमच्याकडे हाडं अशी हिंडत नाहीत," असं म्हणून बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या वाडीत गेल्या. एकनाथने सकाळीच एक घड उतरवला होता आणि मागाहून ती केळ कापून आडवी पाडली होती. केळ एकदाच विते. घड उतरला की तिचं काम झालं. तोवर बुंध्याशी तिचाच कोंब गुडघाभर झालेला असतो आणि त्याला ऊन मिळायला हवं असतं, म्हणून तिला कापायची. बाईंनी तो कापलेला ओला बुंधा काढला, त्यातून ठिबकणारं पाणी काढलं, आणि एका कडेला तो कोंब. कृतिकाने तो पत्ता पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. "डेथ म्हणजे मरण नव्हे, हे क्लायंटला पटवायला मला दहा मिनिटं लागतात बाई. इथे तोंडच उघडायला नको." एकनाथने पत्ता लांब धरून पाहिला. "कोंब डाव्या अंगाला धरलास ते बरं केलंस. उतार तिकडेच आहे," तो म्हणाला. सहा वर्षांत त्याने केलेली ही पहिली स्तुती, आणि बाई ती तीन दिवस मनात घोळवत होत्या.

असे अठ्ठेचाळीस पत्ते डिसेंबर संपेपर्यंत झाले. घोडं अडलं ते संक्रांतीनंतर.

बाई चंद्राचा पत्ता करत होत्या. वाडीतलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, काठाला दोन कुत्रे माना वर करून ओरडतायत आणि पाण्यातून नांग्या उगारत एक चिंबोरी वर चढतेय. आभाळाला त्यांनी गडद निळा वॉश, पातळ रंगाचा एकसलग थर, दिला आणि वाळायला ठेवला. तासाभराने बघतात तो निळ्यावर रवा सांडावा तसे बारीक पांढरट ठिपके. त्यांनी सोडलेलं नव्हतं तिथे पांढरं! आयुष्यभर जिने पोरांना पांढऱ्याची जागा ठरवून सोडायला शिकवलं, तिच्याच कागदावर न विचारता पांढरं उगवलं होतं.

त्यांनी दुसरा कागद घेतला. पुन्हा ठिपके. तिसरा घेतला. त्यावरही.

बाईंच्या आईची नजर म्हातारपणी गेली होती. सुरुवात अशीच झाली होती; रांगोळी काढताना तिची रेघ मध्येच तुटायची आणि तुटलेली तिला दिसायची नाही. बाईंनी मनाशी ताळा जमवला. आपल्या डोळ्यात भोकं पडतायत. त्या जागी दिसत नाही, हात पुढे सरकतो आणि तेवढा कागद कोरा राहतो. आता, काम ओलं असताना सगळा वॉश एकसारखा दिसायचा आणि ठिपके उमटायचे ते वाळल्यावर. थंड डोक्याच्या माणसाला इथेच शंका आली असती. पण बाईंचं डोकं थंड नव्हतं. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरायची सवय नसलेलं माणूस घाबरलं की फार वाईट घाबरतं.

डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. डॉक्टर काहीतरी नाव सांगणार, आणि मग ते नाव घेऊन घरी यावं लागणार. त्यापेक्षा त्यांनी भिंग आणलं. एका हातात भिंग, एका हातात कुंचला, पाठीला कळ लागेपर्यंत बसायच्या. फेब्रुवारीत आणखी ठिपके आले, मार्चमध्ये त्याहून जास्त. आईचंही असंच महिन्यामहिन्याने वाढत गेलं होतं. एकनाथ जेवायला हाक मारायला यायचा, भिंगाकडे बघायचा आणि तसाच आत जायचा.

कृतिकाने चंद्राचा पत्ता पाहिला आणि ती उडालीच. "बाई, हा इफेक्ट कसा आणलात? एकदम भारी! चांदणं पडल्यासारखं वाटतंय!" बाईंना वाटलं, पोरीला कळलंय आणि ती आपली समजूत काढतेय. त्या रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग आला सतरावा पत्ता. तारा. हा पत्ता विजेच्या पत्त्यानंतर येतो. बाईंनी विजेसाठी ताड काढला होता, वीज पडून शेंड्यापासून चिरत गेलेला. त्या सगळ्या पडझडीनंतर ही एक बाई येते, तळ्याकाठी गुडघा टेकून बसते. तिच्या दोन हातांत दोन घागरी असतात. एक ती तळ्यात ओतते, एक मातीवर. पुस्तक म्हणतं की हा आशेचा पत्ता. बाईंनी तो चार वेळा केला. चारही वेळा घागरीतल्या पाण्यावर, मातीवर, त्या बाईच्या कपाळावर ठिपके उठले. पाचवा कागद त्यांनी पाटाला चिकटवला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि उठून कृतिकाला फोन लावला.

"उरलेले सव्वीस दुसऱ्या कुणाकडून करून घे. माझ्याने होणार नाही."

कृतिकाने का म्हणून विचारलं. बाईंनी फोन ठेवून दिला.

कृतिका हुशार. तिने बाईंना परत फोन केला नाही. तिने आग्नेस लोपीसला केला. आग्नेस टीचर त्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या, राहायला पापडीला, आणि बाईंना "गप्प बस गं" म्हणू शकेल असं पृथ्वीतलावर हे एकच माणूस. बाईंनी न्यायाच्या पत्त्यावर त्यांनाच बसवलं होतं, हातात प्रयोगशाळेतला तराजू देऊन. आग्नेसना त्यावर दोनच आक्षेप होते. एक, माझं नाक एवढं मोठं नाही. दोन, पत्ते बघून भविष्य सांगणं आमच्या धर्मात बसत नाही, त्यामुळे हे फादरांच्या कानावर जाता कामा नये. तरीही त्या पत्त्याचा फोटो त्यांच्या मोबाइलवर पहिल्या पानावर होता.

रविवारची मिस्सा आटोपून आग्नेस बसने आगाशीला आल्या. पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाल्या, "काय झालं ते नीट सांग. पाल्हाळ नको."

"माझा डोळा चाललाय, आग्नेस," बाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते शब्द तोंडाबाहेर पडले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आईसारखाच. हे सव्वीस पत्ते तेवढे व्हायला हवे होते गं. एवढंच मागत होते."

आग्नेसनी डोळ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी ताऱ्याचे चारही वाया गेलेले कागद मागून घेतले, उन्हात तिरपे धरले, एका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग त्यांची नजर पाटाशेजारच्या काचेच्या ग्लासकडे गेली, ज्यात बाई कुंचला बुडवायच्या. ग्लासच्या आत, पाणी आटून खाली गेलं होतं तिथवर, पांढरी कड धरली होती. आग्नेसनी त्या कडेवर बोट घासलं आणि ते बोट सरळ तोंडात घातलं.

"अगं, रंग आहे त्यात!"

"मीठ आहे," आग्नेस म्हणाल्या. "पाणी कुठलं हे?"

"विहिरीचं. रंगाला मी कायम विहिरीचंच घेते. नळाच्या पाण्यात औषध असतं, रंग मरतो."

"कुणी सांगितलं?"

"मीच. एकतीस वर्षं मुलांना सांगत आले."

"काय काय सांगितलंस गं त्या मुलांना!"

पिण्याला आणि स्वयंपाकाला घरात नळाचंच पाणी होतं, कित्येक वर्षं. विहिरीचं पाणी बाईंच्या जिभेपर्यंत पोचायचं कारणच नव्हतं; ते पोचत होतं फक्त कागदापर्यंत. पण आग्नेस लोपीस पुराव्याशिवाय निकाल देणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी दोन ग्लास मागवले. एकात विहिरीचं पाणी, एकात फिल्टरचं. ग्लासांना पट्ट्या चिकटवून अ आणि ब लिहिलं. एकच कागद, एकच निळा, एकच कुंचला, शेजारी शेजारी दोन वॉश. मग त्यांनी बाईंना तिथून उठवलं, आत नेलं आणि चहा करायला लावला. पंख्याखाली कागद वाळेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद दिली.

वाळलेला कागद बाईंनी स्वतः हातात घेतला. अ वर रवा सांडलेला होता. ब वर काही नव्हतं. स्वच्छ, सपाट, संक्रांतीच्या आधी यायचा तसा निळा.

"निष्कर्ष लिही," आग्नेस म्हणाल्या.

(पुढच्या आठवड्यात त्या बाईंना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊनही गेल्या. चष्म्याचा नंबर किंचित वाढला होता. बाकी डोळे उत्तम.)

बाईंनी निष्कर्ष लिहिला नाही. चौसष्ट वर्षांची ती बाई चपला न घालता पडवीवरून उतरली आणि कागद हातात घेऊन वाडीत पळत सुटली. एकनाथ पलीकडच्या टोकाला केळींना पाणी सोडत होता.

"दादा! अरे दादा! माझा डोळा बरा आहे! काही झालेलं नाही मला! पाणी खारं झालंय, आपल्या विहिरीचं पाणी!"

आणि त्या हसल्या, मोठ्याने, वर्गात कधी हसल्या नव्हत्या तसं. एकनाथने वाकून पाण्याची नळी खाली ठेवली. तो हसला नाही. आणि हसता हसताच बाईंना कळलं की आपण काय बोललो. ज्या बातमीने आपण नाचतोय, ती या माणसाच्या अख्ख्या वाडीची काळी बातमी आहे. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की हातातला कागद त्यांनी पाठीमागे लपवला.

"ठाऊक आहे मला," एकनाथ म्हणाला.

"कधीपासून?"

"हा तिसरा उन्हाळा, दर वर्षी थोडं जास्त. आजूबाजूला सगळीकडे बोअर मारून टँकर भरतात. गोडं पाणी उपसलं की समुद्र आत यायचाच." त्याने तळहात पँटला पुसले. "पावसाळ्यात गोडं होतं गो बाय. मग वाटतं, गेलं ते. होळी झाली की परत जिभेला लागतं."

बाईंनी पहिल्यांदाच त्या केळींकडे नीट पाहिलं. पानांच्या कडा करपल्या होत्या. रोज या केळींवरून त्यांची नजर फिरत होती, कोयते नि टेकू शोधत. "गेल्या वर्षी तू पानवेलींचा मांडव मोडलास," त्या हळूच म्हणाल्या. "मजूर मिळत नाहीत म्हणालास."

"मजूर मिळतात."

"मग मला का नाही रे सांगितलंस?"

"तू सांगितलंस डोळ्याचं?" एकनाथचा आवाज चढला आणि लगेच बसला. "दोन-तीन महिने भिंग घेऊन बसतेस. मला दिसत नाही का? आईचं मी पाहिलंय, तिला हाताला धरून विहिरीवर मीच न्यायचो. म्हटलं, हिच्या डोक्याला तेवढं पुरे आहे. त्यात पाण्याचं कशाला घालू." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "डोळा नक्की बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि नळी उचलायला वाकला. बाईंना दिसलं की त्याला नळी सापडत नाहीये, कारण डोळे भरलेत. त्यांनी ती उचलून त्याच्या हातात दिली. आग्नेस पडवीतून हाका मारत होत्या, चहा निवला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी फिल्टरचं पाणी घेतलं आणि ताऱ्याचा पत्ता पाचव्यांदा मांडला. पेन्सिलीने बाई आखली, घागरी आखल्या, बावखलाचा काठ आखला. एकनाथ वाडीत जायला निघाला होता, तो गेला नाही. पडवीच्या पायरीवर येऊन बसला. काम चालू असताना शेजारी कुणी बसलेलं बाईंना खपत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी बसला, आणि बाईंनी त्याला उठवलं नाही.

"ही काय करतेय?" त्याने विचारलं.

"वीज पडून सगळं गेल्यावर आलीय. पाणी ओततेय. अर्धं तळ्याला, अर्धं मातीला."

एकनाथने विचार केला. "गोडं आहे का पाणी?"

बाईंचा हात थांबला. "ते चित्रात कसं दाखवणार, दादा? गोडं काय नि खारं काय, रंगवलं की सारखंच दिसतं."

"मग काठाला पानवेल काढ," एकनाथ म्हणाला. "खाऱ्या पाण्यावर ती उभी राहत नाही. वेल हिरवीगार दिसली की बघणाऱ्याला कळेल."

बाईंनी पेन्सिल उचलली आणि तशीच धरून राहिल्या. पानवेलींच्या मांडवाखालून त्या आयुष्यभर ये-जा करत होत्या. पण पान देठाला कुठे दुमडतं, वेल आधाराला कुठल्या सांध्यापाशी धरते, हे त्यांनी कधी थांबून पाहिलं नव्हतं. आणि आता बघायला वाडीत एकही वेल उरली नव्हती. त्यांनी पेन्सिल भावापुढे धरली. एकनाथने ती कोयता धरावा तशी मुठीत धरली, जीभ दातांत चावली, आणि कागदाच्या कडेने एकेक सांधा, एकेक पान काढत वर गेला. मध्ये दोनदा थांबला. एकदा म्हणाला, "शेंड्याची पानं लहान असतात." बाईंनी त्यातली एकही रेघ बदलली नाही, त्यावर रंग फक्त चढवला.

कॅट दसऱ्याला पुरा झाला. दिवाळीच्या आत कृतिकाने तो छापून आणला, आणि आता विरारच्या फ्लॅटमध्ये बसून ती त्यावरच पत्ते वाचते. तिला एक गोष्ट लक्षात आलीय. सतरावा पत्ता निघाला की सोसायटीतली माणसं त्या पाणी ओतणाऱ्या बाईकडे बघतात, आणि आता माझं चांगलं होणार का, असं विचारतात. आगाशीकडची जुनी माणसं बाईकडे बघतच नाहीत. त्यांचं बोट नेमकं वेलीवर जातं, आणि त्यांचा प्रश्न वेगळा असतो: ही पानवेल कुणाच्या वाडीतली?

परवा फाटकाशी एका म्हाताऱ्याने एकनाथलाच तो पत्ता दाखवून हे विचारलं. एकनाथने पत्ता लांब धरला, बराच वेळ पाहिला.

"आमच्या," तो म्हणाला.